गाडीनं शेवटचं काय सांगितलं

गजूभाऊ मिस्त्री गाडीला स्कॅनर लावला की पंखा बंद करायचा. मे महिन्यात, कारंजा गावात, टिनाच्या शेडमध्ये, भर दुपारी. "चूप राहा, गाडी बोलून राह्यली," असं म्हणून बोनेटवर तळहात ठेवायचा आणि डोळे मिटायचा. गिऱ्हाईक घामानं भिजत उभं. खोकला आला तरी गिळावा लागे.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. इंजिनात कॉम्प्युटर असलेल्या गाड्या तोवर जुन्या होऊन हायवेवर बंद पडू लागल्या होत्या आणि त्यांच्या पोटातलं काढून घेणारं यंत्र आमच्या भागात फक्त गजूभाऊकडे होतं. लोक त्याला जरा घाबरूनच असत. एकानं तर स्कॅनरला नारळ फोडला होता.

गंमत म्हणजे पडद्यावर उमटलेलं तो स्वतः कधी वाचायचा नाही. "मी वाचलं तं लोक म्हणतात, मिस्त्रीच बोलला. तुमी वाचा, सर." मी शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि माझं घर शेडला लागून होतं, म्हणून हे काम बहुधा माझ्याच गळ्यात पडे.

एकदा आर्वीचा एक कापूस व्यापारी ड्रायव्हरला घेऊन आला. पाणी संपलं, इंजिन तापलं, तरी यानं गाडी हाकली का, एवढंच त्याला हवं होतं. ड्रायव्हर हात जोडून उभा होता. मी वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात गजूभाऊनं वायर उपटली. "काई सांगत नाई ते. जुनी झाली गाडी, विसरते." व्यापारी गेल्यावर मी चिडलो. तो म्हणाला, "सांगतलं तिनं. पर सगळंच ऐकाचं असते का, सर?"

शेडच्या मागे ताडपत्रीखाली एक पांढरी गाडी उभी होती. मागचा भाग पार चेपलेला. ती त्याच्या थोरल्या भावाची, शंकरदादाची. तळेगावच्या रस्त्यावर चालती गाडी अचानक बंद पडली आणि मागून ट्रक आला. दादा जागीच गेला. त्याच सकाळी गजूभाऊनं त्या गाडीचा एक सेन्सर बदलायचा सोडून नुसता पुसून परत बसवला होता. गाव म्हणे, दादाला डुलकी लागली असेल.

ती गाडी भंगारात गेली नाही. उलट तिची बॅटरी कायम नवी असे. बदलताना तो आधी दुसरी बॅटरी वायरनं जोडायचा आणि मगच जुनी काढायचा. एक क्षणही करंट तुटू द्यायचा नाही, कारण करंट तुटला की त्या गाडीचा कॉम्प्युटर सगळं विसरणार होता. चार वर्षं एक मेलेली गाडी त्यानं अशी जागी ठेवली होती. दुपारी त्या बाजूनं जाताना मी झपाझप पावलं उचलायचो, हे कबूल करतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बाजार बंद असताना, त्यानं मला बोलावलं. ताडपत्री काढलेली होती. आत दादाचा चष्मा अजून तसाच पडलेला. गजूभाऊनं स्कॅनर जोडला आणि चावी फिरवली. धुळीनं भरलेल्या त्या गाडीत एक पिवळा दिवा लागला आणि मी एक पाऊल मागे सरकलो.

"वाचा, सर."

मी पाहिलं. एकच फॉल्ट होता. क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटला. त्या सकाळी पुसून बसवलेला, तोच सेन्सर. इंजिन बंद पडायला तेवढं पुरे.

गजूभाऊचा तळहात बोनेटवर होता. डोळे मिटलेले. मला त्याची इतकी कीव आली की मास्तरकीच्या वीस वर्षांत कधी बोललो नव्हतो इतकं सफाईनं मी खोटं बोललो. "काही नाही, गजूभाऊ. गाडी ठणठणीत होती."

तो हसला. "तुमी चौथे. दर पोळ्याले एकाले आणतो. चौघंही हेच म्हणाले."

"मग... तुम्हाला ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"अहो, मग तो फॉल्ट पुसून टाका ना! एक बटण तर दाबायचं."

"काऊन पुसू? दादा गेला तवा जवळ कोणी नव्हतं. ही गाडीच एक होती, अन् हिनं खरं सांगतलं." त्यानं डोळे उघडले नाहीत. "घरी आई म्हणते तुयी चूक नाई. वहिनी म्हणते नाई. सारं गाव म्हणते नाई. मी एकटाच आहो यात, सर. आता खरं वाचा."

मी पुन्हा पडद्याकडे वळलो. वाचलं, मोठ्यानं, अक्षर न् अक्षर, वर्गात वाचतो तसं.

गजूभाऊनं मान खाली घालून ऐकलं. मग माझा हात धरून म्हणाला, "आजून एक डाव वाचा."