सुजूला रावणवाडी दाखवण्याचा कार्यक्रम

लहान मुलाला आनंद आपोआप होत नाही. तो त्याला गाडीत बसवून द्यावा लागतो, आणि जितक्या लांब नेऊन द्यावा तितका तो मोठा होतो, याबद्दल आता सुशिक्षित घरांत दुमत राहिलेले नाही. अंगणातही मुलाला आनंद होतो असे काही जुनी माणसे म्हणतात, पण त्याला आनंद म्हणत नाहीत. त्याला 'चिखलात हात घालू नको' असे म्हणतात.

या बाबतीत भंडारा जिल्ह्याची थोडी अडचण आहे. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा नवेगावबांधचा तलाव गोंदियाकडे गेला, हाजरा धबधबाही गोंदियाकडे गेला. आपल्या वाट्याला पूर आला. वैनगंगेला पाणी चढले की माणसे बायकामुलांना घेऊन कारध्याच्या पुलाकडे पूर पाहायला जातात, फुटाणे खातात आणि 'यंदा मागच्यासारखा नाही' असे म्हणून परततात. (नदीकाठच्या घरांना ही सोय घरपोच मिळते.) पण पूर पावसाळ्यातच येतो आणि मूल बारा महिने लहान असते. उरलेल्या दिवसांसाठी रावणवाडीचे धरण आहे.

कारध्याचा अश्विन एका सरकारी कार्यालयात आवक-जावक पाहतो. त्याची मुलगी सुजाता, म्हणजे सुजू, सव्वादोन वर्षांची आहे. डिसेंबरातल्या एका रविवारी त्याच्या मेव्हण्याने, धर्मेंद्रने, पुण्याहून घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. धर्मेंद्रचा मुलगा रंगीत चेंडूंच्या हौदात गळ्यापर्यंत बुडालेला होता आणि हसत होता. त्या दुपारी अश्विनला जेवण गेले नाही. पुण्यातली मुले हौदात बुडतात आणि आपली लेक अजून कोरडी आहे, हे त्याच्या मनाला लागले. आपण लहानपणी काही पाहिले नाही, ते तिला तरी दिसावे, आणि ते दिसताना ती हसलेली चार माणसांना दिसावी, अशी त्याची खरी तळमळ होती. बापाचे मन आहे, त्याला नावे ठेवू नयेत.

त्याने लगेच पुढच्या रविवारचा कार्यक्रम आखला आणि ग्रुपवर टाकला. विषय: चि. सुजाता हिला निसर्गाचा आनंद देण्याबाबत. संदर्भ: धर्मेंद्र यांचा फोटो. सुजूचे मत घेतले नाही, कारण तिला बोलता येणारे शब्द मोजकेच होते आणि त्यांत 'नाही' हाच जास्त यायचा.

एका मुलीला आनंद द्यायचा म्हटल्यावर तो द्यायला माणसे लागतात. प्रथम आजी-आजोबा ठरले. मग अश्विनच्या दोन आत्या आल्या, कारण त्यांना कळले होते. मग आत्यांच्या सुना आल्या, कारण स्वयंपाक कोण करणार. मग सुनांचे नवरे आले, कारण लाकडे कोण आणणार. शेवटी एका बालकामागे दहा मोठी माणसे असे प्रमाण पडले. इतके लक्ष जगातल्या कोणत्याही बालवाडीत दिले जात नसावे.

अश्विनचे वडील डोमा गुरुजी हे या कार्यक्रमाचे सक्षम प्राधिकारी होते. छप्पन्न साली, पाच वर्षांचे असताना, ते बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला गेले होते. त्या दिवसाचे त्यांना काय आठवते म्हणून विचारले तर ते 'बाबाचा खांदा' म्हणतात. तेव्हापासून त्यांच्या घरात नवस, गंडे, दोरे, दृष्ट यांना बंदी आहे. बंदीची अंमलबजावणी ते स्वतः करतात, म्हणजे जिथे ते असतात तिथे ती असते.

सकाळी दहाला निघायचे ठरले होते, त्यामुळे साडेअकराला गाडी हलली. भाड्याची गाडी घनश्यामची होती. त्याच्या बाजूला गुरुजी बसले, कारण रस्ता त्यांना माहीत होता. (घनश्यामलाही होता, पण त्याला कोणी विचारले नाही.) मधल्या सीटवर सुजूची आजी पार्वताबाई आणि दोन्ही आत्या, मागे सुना, त्यांच्या पायाशी नवरे आणि नवऱ्यांच्या मांडीवर वांग्यांची पिशवी, रोडग्यांची कणीक, सतरंजी, शाली आणि सुजूची नवी गुलाबी टोपी. भाजी शिजवायचा मोठा गंज कुठेच मावेना, तेव्हा तो बायकोच्या, रीनाच्या, मांडीवर देऊन अश्विनने तिला मोटरसायकलवर मागे बसवले. गंज धरायला दोन्ही हात लागतात, म्हणून रीनाने नवऱ्याला धरले नाही. सासूसासऱ्यांनी याची अनुकूल नोंद घेतली.

धरणावर पोहोचल्यावर जागेचा वाद झाला. एका आत्याला ऊन हवे होते, दुसरीला सावली. अर्ध्या उन्हात आणि अर्ध्या सावलीत सतरंजी पडली, चूल पेटली, वांगी चिरली गेली. गुरुजींनी एकदा गाडीकडे नजर टाकली. मागच्या सीटवर शालीखाली मुटकुळे दिसत होते. ते म्हणाले, "हळू बोला. पोरगी झोपली आहे."

त्यानंतर सगळा कार्यक्रम दबक्या आवाजात पार पडला. आत्या खुणांनी मीठ मागत होत्या. एका नवऱ्याने शिंक अर्ध्यावर परत घेतली. रीनाला बरे वाटले. झोप झाली म्हणजे उठून हसेल, आणि फोटो एकदाच काढावा लागेल.

जेवणाआधीच फोटो काढायचा होता, कारण जेवणानंतर माणसे फोटोसारखी दिसत नाहीत. अश्विनने सगळ्यांना पाण्याकडे पाठ करून उभे केले. मध्ये सुजूची जागा नीट कळावी म्हणून आत्यांच्या हातात पाण्याची कॅन दिली, कॅनवर गुलाबी टोपी ठेवली आणि एक तयारीचा फोटो काढला. कॅन छान आली. मग तो म्हणाला, आता तिला आणा.

घनश्याम गेला. त्याने शाल उचलली, खाली अजून दोन शाली निघाल्या. तो म्हणाला, "इथं त कोनी नाही."

सगळ्यांनी एकमेकांच्या कडेकडे पाहिले. गाडीतल्यांना वाटत होते ती मोटरसायकलवर आहे, मोटरसायकलवाल्यांना वाटत होते ती गाडीत आहे. रीना चप्पल न घालता पळत सुटली, आणि धरणाच्या बाजूने पळाली, कारण पाणी तिकडे होते. दोन तासांत आपण एकदाही लेकीचे तोंड पाहिलेले नाही, हे अश्विनला तेव्हा कळले आणि फार वाईट वाटले.

तेवढ्यात पार्वताबाई खाली बसल्या आणि गुरुजींकडे न पाहता म्हणाल्या, "ललिताजवळ दिली होती मी. टिक्का लावाले."

प्रकरण असे होते. सुजू बाहेर जायची म्हटली की शेजारच्या ललिताबाई तिला मागच्या दाराने आपल्या घरी नेत, गालाला काजळाचा टिक्का लावत आणि परत आणून देत. गुरुजींना दृष्ट मान्य नव्हती, पार्वताबाईंना गुरुजींसमोर मान्य नव्हती. गाडी निघाल्यावर त्यांना विचारायचे होते की ललिताने पोर कुणाकडे दिली. पण गुरुजी पुढेच बसले होते. रीनाकडे दिली असेल असे त्यांनी मनाशी ठरवले आणि रावणवाडीपर्यंत ते ठरलेलेच ठेवले.

फोनला रेंज फक्त धरणाच्या उंच पाळीवर होती. अश्विन चढून गेला तेव्हा ललिताबाईंचे हुकलेले फोन ओळीने आले. त्याने लावला.

"काहून बापा, सारेच गेले तुमी?" ललिताबाई म्हणाल्या. "मी टिक्का लावून आणतो त अंगणात कोनीच नाही."

"रडून राहिली का ती?"

"कायची रडते? तणसाच्या ढिगावरून घसरून राहिली. आता हापशीवर चाल म्हणते. तुमी आरामात या."

कोणी आरामात आले नाही. रोडगे निखाऱ्यात राहिले. (पुढे काही दिवस सगळ्यांना सुजूइतकीच त्यांचीही आठवण येत होती.)

ललिताबाईंच्या अंगणात सुजू सापडली. केसांत तणसाच्या काड्या, फ्रॉक हापशीच्या पाण्याने निथळत होता, आणि ती बकरीच्या पिल्लाला स्वतःच्या हातातला मुरमुरा खाऊ घालत होती, एक त्याला, एक आपल्याला. ती हसत होती. धर्मेंद्रच्या मुलाहून जास्त हसत होती. रीनाने तिला उचलून छातीशी धरले आणि रडू लागली. अश्विनने हात पुढे केले तेव्हा सुजूने बकरीकडे पाहिले आणि आपल्या शब्दसंग्रहातला नेहमीचा शब्द काढला.

"नाही."

अश्विनने हात मागे घेतले. फोटो काढायचे त्याच्या लक्षात राहिले नाही.

गुरुजींनी नातीच्या हनुवटीला बोट लावून दोन्ही गाल तपासले. "टिक्का कुठी आहे?"

"हापशीवर धुऊन गेला, गुरुजी," ललिताबाई म्हणाल्या.

"मंग ठीक आहे," म्हणून गुरुजी बंदी शाबूत असल्याच्या समाधानात घरी गेले.

संध्याकाळी धर्मेंद्रने ग्रुपवर विचारले, फोटो कुठे आहेत? अश्विनजवळ एकच होता. त्याने थोडा विचार केला आणि तो टाकला. पाच मिनिटांत सतरा बदाम आले. नाकाडोंगरीच्या मावशीने लिहिले, बाळ किती रमले. धर्मेंद्रने लिहिले, सुजू किती शांत बसली आहे, आमचा एक मिनिट बसत नाही.

यावर आपण हसत असाल तर हसावे, आमची हरकत नाही. मात्र गाडी निघाली तेव्हा कोण कुठे बसले हे आम्ही आपल्याला एकेक करून सांगितले होते, वांगी, शाली आणि गंजासकट. सुजू कुणाच्या मांडीवर आहे, असे आपणही विचारले नाही.