किडक्या वांग्यांचं गिऱ्हाईक

कापणीच्या सणाला आमच्या चर्चमध्ये लिलाव होतो. लोक शेतातलं, परसातलं, स्वयंपाकघरातलं काहीतरी वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासना संपली की साळवेसर अंगणात एकेक वस्तू पुकारतात. त्या दिवशी जो तो चांगली वस्तू हेरतो. रूथमावशी तेवढ्या सगळ्यात वाईट वस्तू घेतात. किडकी वांगी, वाकडा दुधी, एका डोळ्याचा कोंबडा. ज्याला कोणी विचारत नाही, त्यावर यांचा हात वर. आणि म्हणायचं काय, तर "लय देखणं हाय." तो कोंबडा पुढे त्यांच्या गादीवर झोपायचा.

मला या बाईचा हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. महिला संघाची सेक्रेटरी मी. वेदीवरची फुलं मी लावते, नाताळचं नाटक मी बसवते. पण पाळकसाहेब उपदेशात "आत्मिक सौंदर्य" म्हणाले रे म्हणाले, की अख्ख्या मंडळीच्या माना मागच्या बाकाकडे वळतात. तिथे मावशी विटक्या पातळात, तिरळ्या डोळ्याने छताकडे बघत बसलेल्या असतात. पहिल्या बाकावर मी, येवल्याची पैठणी नेसून. आमचे हेसुद्धा मागे बघतात. पैठणी यांनीच घेतलेली आहे.

"जुनं पातळ नेसलं की माणूस आत्मिक होतो का हो?" मी एकदा विचारलं.

"तसं नाही," हे म्हणाले आणि चहा पीत राहिले. मग कसं, ते काही सांगितलं नाही.

यंदा मी दोन मजली केक केला, वर साखरेचा क्रूस. चर्चला नेताना स्पीडब्रेकरवर रिक्षा उडाली आणि वरचा मजला खालच्यात जाऊन बसला. मी तो झाकूनच ठेवला होता, पण साळवेसरांनी झाकण काढून सगळ्यांना दाखवला. "सेक्रेटरीबाईंचा केक. बोला." कोणी बोलेना. पाळकसाहेब चष्मा पुसायला लागले. आमच्या यांनी फोन कानाला लावला. सरांनी झाकण परत ठेवलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "मला द्या. लय देखणा हाय."

म्हणजे वांगी, दुधी आणि आता माझा केक. संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले ती भांडायलाच.

"दया दाखवायला माझाच केक सापडला का तुम्हाला?"

"दया कसली गं? बस." त्यांच्या ओठाला क्रीम लागलं होतं. "मी आश्रमात वाढले, ठाव हाय ना तुला? पोर दत्तक घ्याया लोकं यायची. आमाला तेल-पावडर लावून ओळीत उभं करायचे. बाई एकेकीचं नाव पुकारायच्या. माझं नाव आलं की समदे गप. मंग बाई पुढचं नाव घ्यायच्या."

मी अजून उभीच होते.

"तसं गप झालं ना, की मला राहवत नाय. वस्तू काय हाय ते बघत बी नाय मी, हात वर करते. तुझा केक घरी आणून झाकण काढलं, तवा दिसला." त्यांनी बशी माझ्यापुढे सरकवली. "खा. गोड झालाय."

मी खाली बसले. हेवा काही गेला नाही, उलट वाढला. "मावशी, मी तिथे असते ना, तर तुम्हालाच..." असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी तिथे असते, तर पुढच्या नावाची मुलगी नेली असती.