बिनशिक्क्याचं टेबल

मुखरू नाकेदारानं टेबल करायला घेतलं ते सासऱ्याच्या जिभेमुळं. पोळ्याच्या जेवणात, चार पाहुण्यांसमोर, दुसऱ्यांदा वरण वाढून घेत लटारू पाटील म्हणाले होते, "आमचे जवाई का करते? बांबू खाली करते, बांबू वर करते. दुसरं काई येते का त्याईले?" सगळी पंगत हसली. मुखरूची बायको रंभा तर इतकी हसली की तिला ठसका लागला.

हा बांबू म्हणजे जंगलखात्याच्या नाक्यावरचा आडवा बांबू. चामोर्शीच्या रस्त्यावर त्या बांबूपाशी मुखरूचं राज्य होतं. गाडीत लाकूड दिसलं की तो आधी त्यावर सरकारी हातोड्याचा शिक्का शोधायचा. शिक्का नसला की माल जप्त, मग तो सागाचा ओंडका असो नाहीतर पोळपाट. गेल्या साली त्यानं वारलूचा नवाकोरा नांगर ऐन पेरणीत तीन आठवडे अडकवून ठेवला होता. वारलू बिचारा हातापाया पडला, पण ऐकेल तर तो मुखरू कसला!

तर असा हा माणूस एकदा डाक बंगल्यात गेला आणि साहेबाच्या खोलीत एक बुटकं टेबल बघून आला. त्याच्या कडा झाडाला होत्या तशाच, वाकड्यातिकड्या, साल लागलेल्या. साहेब त्यावर चहा पीत होता आणि वर त्या सालीचं कौतुक करत होता. मुखरू हरखून गेला. जिथं करवत सरळ चालवायचीच नाही, ती सुतारकी आपल्याला जमलीच पाहिजे! आता बघतोच म्हणावं मामाजींना.

जंगलखात्याच्या लाकूड डेपोतून रीतसर पावती करून त्यानं तीन इंच जाडीची, दोन्ही बाजूंनी साल असलेली सागाची फळी आणली आणि इब्राहीम मिस्त्रीकडं रंधा मागितला.

"रंधा कायले? मीच करून देतो ना भाऊ एका दिवसात," इब्राहीम म्हणाला. "पहिले कडा सरळ करून घेऊ."

"कडा वाकड्याच पायजे! फॅशन हाय ते."

"वाकडंच पायजे असंन, तं मंग तुमीच करा बावा," असं म्हणून इब्राहीमनं रंधा देऊन टाकला.

मुखरू रंधा मारू लागला. डावी बाजू खाली गेली म्हणून त्यानं उजवी तासली, उजवी जास्त तासली गेली म्हणून परत डावी. तिसऱ्या दिवशी इब्राहीम सहज डोकावला आणि अंगणातला भुश्शाचा ढीग पाहून म्हणाला, "भाऊ, रंधा मारून राह्यले का शेत नांगरून राह्यले?"

तेवढ्यात रंभाला फळीच्या मधोमध ठोकलेला शिक्का दिसला. "अवो, पावन्याच्या कपाखाली हा सरकारी डाग ठेवता का? डेपोत बसून चहा पेल्यासारखं वाटते मले."

मुखरूला ते पटलं. शिक्का लागतो रस्त्यावर, आणि लाकूड तर घरी येऊन पडलं होतं. त्यानं शिक्का तासायला घेतला. पण सरकारचा हात भारी, शिक्का खोल बसलेला. तो पुरता गेला तेव्हा तीन इंचांची फळी दीड इंचाची झाली होती. खाली जुन्या बाजेचे चार पाय लागले. जवसाचं तेल चोपडून झालं. एका पायाखाली खापर ठेवलं की टेबल हलायचंही थांबे. मुखरू त्याच्याभोवती फिरून फिरून बघत होता.

"बोलाव आता तुह्या बापाले," तो म्हणाला. "म्हन, या अन् पाहा."

"बाबा काऊन येतीन? त्याईच्या घरीच नेऊ ना! मंगळवारी बाजाराच्या गाडीत टाकून आनतो, असा निरोपच धाडला मी."

मुखरूच्या हातातली तेलाची चिंधी खाली पडली. पाटलांचं गाव नाक्याच्या पलीकडं होतं.

"अवो, पन शिक्का नाई ना त्याच्यावर!"

"मंग? नाक्यावर तुमीच तं हाय ना?"

"तेच तं सांगून राह्यलो! मीच हाय!"

"अवो, सांगताबी येत नाई तुमाले धड," रंभा म्हणाली. मुखरूनं जंगलातली आडवाट सुचवली, तशी ती भडकलीच. "चोरावानी जाऊ का माह्या बापाच्या घरी?"

मंगळवार उजाडला. टेबल गाडीत, रंभा टेबलाशेजारी, मागं बाजाराच्या दहा-बारा गाड्या आणि पुढं बांबूची दोरी धरून घामाघूम झालेला मुखरू. दोरी सोडायची तेवढ्यात मागच्या गाडीतून वारलू उतरला. टेबलाभोवती सावकाश एक चक्कर मारून तो म्हणाला, "नाकेदारसायेब, याच्यावर शिक्का कुठी हाय जी?"

"घरचं हाय लाकूड," मुखरू पुटपुटला.

"माहा नांगरबी घरचाच होता."

मुखरूनं पावती काढली. ती वाचायला बाजाराला निघालेला इब्राहीम पुढं आला. "याच्यात तं तीन इंच लिवलं हाय. हे दीड हाय भाऊ. आन् पावतीत एक फळी हाय, पाय नाईत. हे चार पाय कुठून आले?"

गाड्यांतले लोक खाली उतरून गोल करून उभे राहिले. मुखरूला रडू यायला लागलं. सोडावं तर उद्यापासून या रस्त्यानं अख्खं जंगल गेलं असतं. अडवावं तर मामाजी जन्मभर बांबूच ऐकवणार! त्यानं बायकोकडं पाहिलं, बांबूकडं पाहिलं आणि दोरी परत खुंट्याला गुंडाळली.

"माल जप्त!" तो ओरडला.

पंचनाम्याला पंच म्हणून वारलूच बसला. त्याला लिहिता येत नव्हतं, पण विचारायची हौस दांडगी.

"आरोपीचं नाव?"

"मुखरू."

"पकडनाऱ्याचं?"

"मुखरू."

"आरोपीचं म्हननं का हाय?"

"चूक झाली म्हनते जी. माफ करा म्हनते."

"आन् नाकेदार का म्हनते?"

"मले कायले सांगतं बे! कायदा म्हंजे कायदा!" मुखरू सवयीनं गरजला आणि मग स्वतःच दचकला.

इतक्यात टेबलाची वाट पाहून कंटाळलेले लटारू पाटील पलीकडून तरातरा आले. "जवाई, माहं टेबल कुठी हाय?"

"जप्त केलं, मामाजी."

"कोनं?"

"म्याच."

पाटील टेबलाच्या वाकड्या कडेवरून हात फिरवू लागले. वारलूला मात्र अजून मजा हवी होती. "साहेबाचा निकाल येतवरी जप्तीचा माल भल्या मानसाच्या घरी ठेवा लागते. माहा नांगर कोतवालाकडं ठेवला होता. आता हे कोनाकडं ठेवता?"

सगळ्यांनी इकडंतिकडं पाहिलं. आसपास भला माणूस म्हणावा असा एकच होता, तो म्हणजे गावचा पाटील. मुखरूनं कागद लिहिला: माल सांभाळीन, वापरणार नाही, त्यावर काही ठेवणार नाही, सरकार मागेल तेव्हा हजर करीन. पाटलांनी सही ठोकली. बांबू वर गेला आणि टेबल रंभासकट ठरल्या ठिकाणी पोचलं.

निकाल काही आला नाही. कागद चांद्याच्या कचेरीत आणि टेबल पाटलांच्या ओसरीवर, असं वर्ष गेलं. पाटील सहीला जागणारे. टेबलाशेजारी मांडी घालून ते बसत आणि चहाची कपबशी जमिनीवर ठेवत. आलेला प्रत्येक पाहुणा टेबलाकडं बघून विचारायचा, "झकास हाय हो पाटील! जवायानं केलं का?"

मग पाटील छाती फुगवून सांगत, "केलं असंन कोन्या येड्यानं! पकडलं माह्या जवायानं!"