दात पाहून घेतलेला वॉकीटॉकी

डोमाभाऊ वॉकीटॉकीचे दात मोजतात. पाठीमागचं झाकण उघडायचं, सेल काढायचे, आतल्या चकचकीत पट्ट्यांवरून अंगठा फिरवायचा आणि मान हलवून म्हणायचं, "उमर जास्त आहे याची." मग अँटेना शेपटीसारखी ओढून सोडायची, सेट जमिनीवर उभा करायचा आणि चार पावलं मागे जाऊन त्याची ठेवण पाहायची. दहा मिनिटांपूर्वी पेटीतून निघालेल्या कोऱ्या सेटबद्दलचं हे मत मी शाळेच्या गच्चीवर चढून चंद्रपूरच्या दुकानदाराला फोनवर कळवलं, तेव्हा मी नक्की वॉकीटॉकीबद्दलच बोलतोय ना, असं त्याने दोनदा विचारलं.

दोष डोमाभाऊंचा नाही. मूल तालुक्यातल्या आमच्या गावाला जोडीने घ्यायची एकच वस्तू ठाऊक, ती म्हणजे बैल. आणि डोमाभाऊंनी पारखल्याशिवाय इथे कोणी बैल घेत नाही. गावचा मास्तर म्हणून वन समितीचं सचिवपण माझ्या गळ्यात आहे. सभेत मी म्हणालो की वॉकीटॉकी जोडीने येतात, त्याबरोबर सगळ्या माना डोमाभाऊंकडे वळल्या.

वॉकीटॉकी हवे होते ते यमुनाबाईंमुळे. जंगलात मोबाइलला रेंज नाही. गेल्या मोसमात मोहफुलं वेचताना त्यांच्या झाडाखाली वाघ येऊन बसला. यमुनाबाई वर चढून दोन तास हाका मारत होत्या. पलीकडच्या बायकांना हाका ऐकू गेल्या, पण यमुनाबाई एरवीही तेवढ्याच आवाजात भांडत असल्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी वाघच कंटाळून गेला. यंदा मोहफुलं पडायच्या आत सेट बायकांच्या हातात द्यायचे, असा ठराव झाला.

दुकानदार एसटीने एकेक जोडी नमुन्याला पाठवू लागला आणि डोमाभाऊ ती परत पाठवू लागले. पहिला सेट त्यांनी म्हशीच्या गळ्यात बांधला. म्हैस तलावात जाऊन बसली. "पान्याले भेते," असा शेरा पडला. दुसरा काळा होता. तो पाचोळ्यात टाकून पाहिला, आणि मग दोन दिवस आम्ही सगळेच तो शोधत होतो. तिसऱ्याला चार्जर होता. "लाइन गेली तं हा उपाशी मरन," डोमाभाऊ म्हणाले. हे मात्र मला पटलं. पेटीवर 'दहा किलोमीटर' छापलेलं वाचून दाखवलं तर त्यांना हसू आवरेना. "दिसन्यावर जाऊ नोका मास्तर, चाल पाहा. मैदानात सारेच पळतेत. याले झाडोऱ्यात पळवून पाहा लागते."

पळवायचं तर पलीकडच्या टोकाला माणूस हवा. तलाव आणि जंगलाचा पट्टा ओलांडला की टोली ही छोटी वस्ती लागते, आणि तिथे दिवसभर रिकामा सापडणारा माणूस एकच, ऋषीभाऊ. ऋषीभाऊ आणि डोमाभाऊ गेली नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांकडे एकेक बैल, मिळून एक जोडी, आधी याचं शेत नांगरायचं मग त्याचं, असं त्यांचं उभं आयुष्य गेलं. मग एका हंगामात ऋषीभाऊंनी न विचारता आपला बैल विकला आणि भाड्याने ट्रॅक्टर सांगितला. डोमाभाऊंचा बैल दावणीला एकटा राहिला, आणि डोमाभाऊही.

जोडीतला दुसरा सेट घेऊन मीच टोलीवर गेलो. ऋषीभाऊ म्हणाले, "गावाचं काम आहे म्हनून करतो. पन मी त्याच्याशी बोलनार नाई. सेटाशी बोलीन."

मी तलावावर परतलो, तेव्हा इकडून डोमाभाऊंनी विचारलं, "सेट, आयकू येऊन राह्यलं का?"

"येऊन राह्यलं म्हनून सांग तुह्या मालकाले," पलीकडून उत्तर आलं.

हा चौथा सेट. आवाज रागीट आहे म्हणून तो परत गेला. पाचव्याला डोमाभाऊ म्हणाले की आवाज नीट पारखायचा आहे, जरा लांबलचक काहीतरी बोल.

"काय बोलू?"

"भाजी काय केली ते सांग."

"वांगे."

"कालही वांगेच होते ना?"

"करनारी लेकीकडे गेली आहे. मले तेवढंच येते."

वांग्यात चिंच घालावी की घालू नये, यावर त्या दिवशी पाऊण तास चाचणी चालली आणि सेट नापास झाला. "बोलते बेस, पन खोकला बराबर पोहचवत नाई. ओला का सुका, समजत नाई." सहावा खोकल्यात पास झाला आणि शिंकेत गेला. रोज सकाळी डोमाभाऊ धुतलेला सदरा घालून तलावाच्या पाळीवर हजर असत.

एक दिवस यमुनाबाई शाळेत येऊन बजावून गेल्या, "मोहा टपकून राह्यला मास्तर. यंदा माह्याच्यानं झाडावर चढनं होत नाई. गुडघे गेले." माझं डोकं फिरलं. मी तडक पाळीवर गेलो. सातवा सेट पिवळाधमक होता, साध्या सेलवर चालणारा, म्हशीसकट पाण्यातून निघालेला. यात आता काय खोट काढणार, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

डोमाभाऊ अँटेना पुसत राहिले. "खोट नाई," ते म्हणाले. "चवथ्यातही नव्हती. पास केला का चाचनी बंद, मास्तर. मंग कोन्या कामानं बोलू त्याच्याशी?"

राग कुठल्या कुठे गेला. मला त्या माणसाची फार माया वाटली. राहू द्या आणखी चार दिवस, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोरून बायका टोपल्या घेऊन जंगलाकडे निघाल्या होत्या आणि यमुनाबाई लंगडत सगळ्यात मागे होत्या. डोमाभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बटन दाबलं.

"ऋषी," ते म्हणाले. "सेट पास झाला. उद्यापासून हा बायकांचा. तू बैल इकला, मले पुसलं नाई, ते मले लय लागलं. बाकी काई नाई."

एवढं बोलून त्यांनी बटन दाबूनच धरलं. आपलं बोट बटनावर असेपर्यंत पलीकडच्याचा आवाज येत नाही, अशी या यंत्राची रीत आहे. मिनिटभर ते तसेच उभे होते. शेवटी मी म्हणालो, "भाऊ, बोट काढा. तुम्ही सोडल्याशिवाय त्यांचं कसं ऐकू येणार?"

त्यांनी बोट काढलं. नुसती खरखर आली. आम्ही थोडं थांबलो. मग सेट माझ्या हातात देऊन ते घरी गेले. दुपारी मी टोलीवरून दुसरा सेट आणला, तेव्हा ऋषीभाऊंनी तो पुसून माझ्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही सेट जंगलात गेले. यमुनाबाईंचा पहिलाच निरोप आपल्या झाडाखालची फुलं कोणी वेचली याबद्दलचा होता, आणि तो सेट नसतानाही पोचला असता. शाळेत जाताना पाहिलं तर डोमाभाऊ धुतलेल्या सदऱ्यात पाळीवर बसलेले, हात रिकामे. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

तेवढ्यात तलावाला वळसा घालून, काठी टेकत ऋषीभाऊ येताना दिसले. जवळ आले, दम घेतला आणि आधी माझ्याकडेच तक्रार केली, "मास्तर, तुमचा सेट बेकार आहे. काल मले काईच आयकू नाई आलं."

मग ते डोमाभाऊंच्या शेजारी बसले.

"काय म्हनत होता तू?"