गिरदावरांचा काठोकाठ पेला

आमचे गिरदावर, म्हणजे महसुलाचे सर्कल इन्स्पेक्टर, माणिकराव पाणी प्यायच्या आधी त्याची परीक्षा घ्यायचे. पितळी पेला काठोकाठ भरायचा, मग बोटानं एकेक थेंब सोडत राहायचं, पाणी काठाच्याही वर फुगून उभं राहीपर्यंत. "पाण्याला बी कातडी असती," असं म्हणून मगच ते पेला तोंडाला लावायचे.

निजामावरची पोलीस अ‍ॅक्शन होऊन दोन-तीन महिने झाले होते आणि मी भोकरदनच्या तहसिलीत नवा कारकून होतो. औरंगाबादला इंटर सायन्सला दोनदा गचकलेलो, त्यामुळे विज्ञान सांगायची खाज दांडगी. याला पृष्ठताण म्हणतात, असं मी त्यांना ऐटीत समजावलं. त्यांनी भरलेला पेला माझ्या हाती दिला आणि दहा पावलं चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला माझं धोतर भिजलं. तेव्हापासून दौऱ्यावर जाताना बैलगाडीत पाण्याची घागर मांडीशी धरून बसायचं काम माझ्याकडे आलं. घागर अर्धी झाली की डचमळते, म्हणून ते वाटेतल्या प्रत्येक विहिरीवर मला ती भरायला लावायचे.

अ‍ॅक्शनच्या वेळच्या दंगलीला सगळे गडबड म्हणायचे. त्या गडबडीच्या आधी जमीन जो कसत होता, त्याचंच नाव कूळ म्हणून लावायचं, असा नवा हुकूम आला होता. धावड्याकडच्या एका गावात, म्हणजे माणिकरावांच्याच गावात, चार एकरांवर दोन दावे होते. एक हुसेनबीचा; तिचा नवरा गडबडीत पळाला तो परतलाच नव्हता. त्या शेतात पाटलाच्या पुतण्यानं ज्वारी पेरली होती. त्याच्याकडे पाच साक्षीदार होते, हुसेनबीकडे एकही नाही. मी शहाण्यानं पुतण्याच्या नावाचा रिपोर्ट आधीच लिहून ठेवला होता.

माणिकरावांनी दोघांनाही काठोकाठ पेला घेऊन बांधाबांधानं फिरायला लावलं. जो शेत कसतो त्याच्या पायाला ढेकूळ न् ढेकूळ माहीत असतं, हा त्यांचा कायदा. पुतण्या पहिल्याच वळणाला भिजला. हुसेनबीनं थेंबही सांडला नाही. सारं गाव हसलं, मीही हसून घेतलं.

परतताना गाडीत मी अक्कल पाजळली. ती बाई जन्मभर पाणी वाहते, पुतण्याच्या घरी पाणी गडी भरतो, मग यात शेताचा संबंध काय? तहसीलदारसाहेब हे बिलकुल मान्य करणार नाहीत, त्यांना साक्षीदार लागेल, असं मी बजावलं.

मला वाटलं, चिडतील.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "साक्षीदार मीच हाय. तिचा नवरा बारा वर्सं माझ्या दारावरून औत न्यायचा. पर मी बोललो तर गावात राहू कसा? म्हणून पेला पुढं केला."

मला त्यांची कीव आली आणि माझ्या रिपोर्टाची लाज वाटली. त्यांनी तो मागून घेतला, फाडला आणि कोरा कागद माझ्या हाती दिला.

"साक्षीदार म्हणून माझं नाव लिहा. अन् मंग हे बी लिहा. गडबडीच्या दिशी तिचा नवरा माझंच दार वाजवून राह्यल्ता. मी घरातच व्हतो. कडी काढली न्हाई."

मी लिहिलं. अक्षर एवढं वेडंवाकडं का, म्हणून तहसीलदारसाहेबांनी नंतर विचारलं, तेव्हा गाडी फार हलत होती असं मी सांगितलं.