एकही खिळा नसलेलं कपाट

नाना नव्या कपाटाबद्दल बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटे, ह्यांना सांधेदुखी आहे. "काय सांधे आहेत म्हणून सांगू," अशीच त्यांची सुरुवात. शेजारच्या आजींनी तर चोळायला तेलही आणून दिलं होतं. नानांचं खरं दुखणं होतं साडू. साडूंकडे खिळ्याविना, नुसत्या सांध्यांवर उभं असलेलं कपाट होतं आणि ते येताजाता ऐकवत. म्हणून नानांनीही तसंच करवून घेतलं. एका फळीच्या टोकाला कुसू, म्हणजे कोरून काढलेली जीभ, दुसरीत खाच. कुसू खाचेत घट्ट बसलं की काम झालं. दारालाही बिजागऱ्यांऐवजी लाकडी खुंट्या.

बायकोचं मागणं एवढंच, की दाराच्या आत पर्स अडकवायला एक खिळा हवा.

"या कपाटाला खिळा? मी जिवंत असेपर्यंत नाही," नाना म्हणाले.

पर्स खुर्चीवरच राहिली.

रविवारी साडू कपाट बघायला येणार होते. "लोहचुंबक घेऊन येतो," त्यांनी फोनवर बजावलं. "खिळा असला तर चिकटेल." नाना हसले खरे, पण रविवार उजाडताच त्यांना शंका आली. सुताराने गुपचूप एखादा ठोकला असला तर? त्यांनी फ्रिजवरचा चुंबक काढून कपाटभर फिरवला. मधल्या खणाच्या कोपऱ्यात तो टक्कन चिकटला.

"दगा दिला मेल्याने," म्हणत नाना हातोडी घेऊन कपाटात शिरले. ठोकून ठोकून खण सुटा केला, तेव्हा खणामागच्या फटीतून एक सेफ्टी पिन खाली पडली.

"अगंबाई, ही इथे होती होय," बायको म्हणाली.

नानांचा जीव भांड्यात पडला. खण परत बसवायला गेले, तर तो लोंबायला लागला. त्यांच्याच हातोडीने कुसू मोडलं होतं. सुताराला फोन लावला.

"कुसू मोडलं? मग फळीच बदलावी लागेल. तोवर ठोका की दोन खिळे, त्यात काय एवढं."

नानांनी घड्याळ पाहिलं. साडू निघाले होते. "आता हा माणूस मला दर लग्नकार्यात चारचौघांत सोलणार."

बायकोने शिवणाच्या डब्यातून एक पुडी काढली. "सरका जरा." तिने भराभर खिळे ठोकले, डोक्यांवर पॉलिश फासलं. "पितळी आहेत. चुंबक चिकटत नाही."

साडू आले. गुडघ्यावर बसून त्यांनी चुंबक कपाटाच्या कानाकोपऱ्यांत फिरवला. तो कुठेच चिकटला नाही. "मानलं बुवा," ते पडेल आवाजात म्हणाले आणि चहा अर्धा टाकून गेले.

नाना हवेत होते. "काय तोंड झालं होतं त्याचं! पण काय गं, हे पितळी खिळे आपल्याकडे आले कुठून?"

"ताईने दिले. त्यांच्या कपाटाला ठोकून उरले होते. भाऊजींनीही एकदा पाहुण्यांना सांधे दाखवायला खण उपटला होता. खिळे तिने ठोकले, त्यांना अजून पत्ता नाही."

नानांचा हात आनंदाने फोनकडे गेला. नंबर लावता लावता त्यांची नजर मधल्या खणावर पडली. त्यांनी फोन हळूच खाली ठेवला.

"एक खिळा उरलाय," बायको म्हणाली.

नानांनी मुकाट्याने हातोडी उचलली. "पर्स कुठे अडकवायचीय?"