सिंधूची दवंडी

मराठी शिकवायला काय लागतं, असं गणिताचे मडिवाळप्पा गुरुजी छातीठोकपणे सांगत. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. शाळेचे मराठीचे मास्तर नव्या कचेरीत टेबल मिळवून निघून गेले आणि त्यांचे तास गुरुजींच्या गळ्यात पडले. गुरुजींना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्यांचाही अर्ज त्याच कचेरीत होता. बायको रत्नम्मा तर भांडी बांधूनच बसली होती. रेणापूरजवळच्या या वाडीत विहिरींनी केव्हाच तळ दाखवला होता आणि लातूरला म्हणे घरात नळ होता.

पहिल्याच आठवड्यात सातवीच्या सगळ्या पोरांनी एकच निबंध आणला. दुष्काळ हा निसर्गाचा कोप आहे, हे वाचून वाचून गुरुजींचं डोकं उठलं.

"गाइड पुरे," ते म्हणाले. "जे घडलंच न्हाई ते लिव्हा. पर असं लिव्हा, की मला खरं वाटलं पायजे."

पोरं सुटलीच. कुणाची म्हैस आमदार झाली, कुणाचा आजा ढगाशी भांडून आला. गुरुजी हसता हसता घंटा झालेली विसरू लागले. इतकी वर्षं बेरजा शिकवल्या, पण एकाही उत्तराची त्यांनी अशी वाट पाहिली नव्हती.

मग सिंधूची पाळी आली. तिने दवंडी लिहिली होती. आता दवंडी बसून कशी वाचायची? ती खिडकीत गेली, खडूचा पत्र्याचा डबा बडवला आणि खणखणीत आवाजात ओरडली, "ऐका हो ऐका! आज दुपारी पाराजवळ टँकर येनार हाय, हो!"

गुरुजींना खरं वाटलं. अडचण एवढीच, की वाडीलाही वाटलं. तास संपेपर्यंत पारापासून शाळेपर्यंत घागरींची रांग लागली आणि नेमकी तेव्हाच नव्या कचेरीतल्या साहेबांची जीप आली. गुरुजींचा अर्ज ज्यांच्या टेबलावर होता, तेच हे साहेब.

टँकर कुणी जाहीर केला, असं त्यांनी विचारलं. पोरगी चावट आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सिंधू भिंतीला चिकटून उभी होती. गुरुजींना तिचा अभिमान वाटला आणि त्या अभिमानाने घात केला.

"गोष्ट हाय साहेब. मीच लिव्हाया लावली."

साहेबांनी बायांना समजावलं, की ही नुसती गोष्ट आहे, घरी जा. सगळ्यात पुढे गुरम्मा होती.

"गोष्ट असू द्या की," ती म्हणाली. "घागर तर खरी हाय." आणि तिने रांगेतच फतकल मारली. मागोमाग सगळ्यांनी.

साहेबांनी मुकाट्याने टँकर मागवला. जाताना मात्र गुरुजींना बाजूला घेतलं. खोट्याचं इतकं खरं करणारा माणूस सरकारी फायलींजवळ नको, तुम्ही इथेच बरे, असं म्हणून ते जीपमध्ये बसले.

गुरुजी शीळ घालत घरी आले. बदली गेली, हे त्यांनी रत्नम्माला सांगितलं. आपल्याला त्याचं जराही वाईट वाटत नाही, शिकवणं आत्ता कुठे आवडायला लागलंय, हेही सांगून टाकलं. उद्या पोरांना काय लिहायला द्यावं, एवढाच प्रश्न होता.

रत्नम्मा बांधलेल्या भांड्यांकडे बघत राहिली.

"सिंधूलाच अजून एक दवंडी लिव्हाया लावा," ती म्हणाली. "गुरुजींची लातूरला बदली झाली म्हणून."